घरपट्टी वाढली? आधी घर मोजा, मग अर्ज लिहा



या सदरात आपण बहुधा पिकांविषयी बोलतो. आज मात्र बांधावरून उठून घराच्या ओट्यावर बसू. कपाशीला किती खत द्यायचे हे आपण माती तपासून ठरवतो. पण घरपट्टीचे बिल हाती आले की ते न तपासताच मुकाट्याने भरतो, नाहीतर न तपासताच ग्रामपंचायतीच्या दारात जाऊन तंडतो. दोन्हींत नुकसान आपलेच होते.

असोद्याचेच उदाहरण घ्या. बहिणाबाई चौधरींचे माहेर म्हणून आणि भरिताच्या वांग्यांसाठी हे गाव सर्वांना ठाऊक आहे. जळगाव शहर अगदी शेजारी. शहराला लागून असलेल्या अशा गावांत एकाच गल्लीत धाब्याचे जुने मातीचे घर असते आणि त्याला खेटून स्लॅबचे नवे घर उभे राहते. पलीकडे खळ्याच्या जागेवर प्लॉट पडतात, जागांचे भाव चढतात. शेतकऱ्याचे घर मात्र तेच असते, आजोबांनी बांधलेले, पुढे पत्र्याची पडवी जोडलेले. अशा घराची आकारणी नीट झाली आहे का, हे पाहणारा घरधन्याखेरीज दुसरा कोण असणार? आणि घरधनीण तर त्याहून बरे सांगेल. कोणती भिंत मातीची, कोणती विटांची, कोणती खोली कोणत्या साली बांधली, हे तिला तोंडपाठ असते. म्हणून हा लेख दोघांनी मिळून वाचावा.

पट्टी ठरते कशी?

गावातल्या इमारतींवर आणि शेतसारा लागू नसलेल्या जमिनींवर कर बसवण्याचा अधिकार ग्रामपंचायतीला १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १२४ ने दिला आहे. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवा. शेतसारा लागू असलेल्या जमिनीवर ग्रामपंचायत ही पट्टी लावत नाही, पण त्या जमिनीवर इमारत असेल तर इमारतीवर लावता येते. मळ्यात राहणाऱ्यांनी एवढे समजून घ्यावे.

१९९९ साली नियम बदलून ही पट्टी क्षेत्रफळावर, म्हणजे चौरस फुटाच्या हिशेबाने बसू लागली. त्याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली गेली. पुढे ३१ डिसेंबर २०१५ रोजी शासनाने नियम सुधारले आणि इमारतीच्या भांडवली मूल्यावर, म्हणजे तिच्या किमतीवर कर आकारण्याची पद्धत आणली. ही आकारणी दर चार वर्षांनी नव्याने होते. म्हणून एकदा शिरलेली चूक चार वर्षे आपल्याला चिकटून राहते, आणि कोणी बोलले नाही तर पुढच्या यादीतही तशीच उतरते.

भांडवली मूल्य म्हटले की आपण बिचकतो. पण हा हिशेब पिकाच्या जमाखर्चापेक्षा अवघड नाही. घराचे क्षेत्रफळ घ्या आणि जमिनीच्या दराने गुणा. तेच क्षेत्रफळ पुन्हा बांधकामाच्या दराने आणि घसाऱ्याने गुणा. दोन्हींची बेरीज करा. ती वापराच्या भारांकाने गुणली की भांडवली मूल्य आले. त्यातील दर हजार रुपयांमागे ग्रामपंचायतीने ठरवलेला करदर लावला की झाली घरपट्टी.

घसारा म्हणजे घर जुने झाल्यावर त्याची किती टक्के किंमत उरली, ते. भारांक वापरावरून ठरतो. राहत्या घराला १, औद्योगिक वापराला १.२० आणि व्यापारी वापराला १.२५.

एक हिशेब करून पाहू

खालचे दर केवळ समजण्यासाठी धरले आहेत, तुमच्या गावचे दर वेगळे असतील. समजा, घर ३० फूट लांब आणि २० फूट रुंद आहे. म्हणजे ६०० चौरस फूट. याला १०.७६४ ने भागले की जवळजवळ ५६ चौरस मीटर होतात. जमिनीचा दर चौरस मीटरला ५०० रुपये, बांधकामाचा दर १०,००० रुपये, घर जुने म्हणून घसारा ७० टक्के आणि करदर हजारी १ रुपया धरू.

जमिनीचे मूल्य ५६ गुणिले ५००, म्हणजे २८,००० रुपये. बांधकामाचे मूल्य ५६ गुणिले १०,००० गुणिले ०.७०, म्हणजे ३,९२,००० रुपये. बेरीज ४,२०,००० रुपये. राहते घर म्हणून भारांक १. हजारी १ रुपयाप्रमाणे घरपट्टी ४२० रुपये.

आता यात एकेक चूक घालून पाहा. घर जुने असून नवे धरले आणि घसारा दिलाच नाही, तर पट्टी ५८८ रुपये होते. वय बरोबर धरले पण राहते घर व्यापारी म्हणून लिहिले, तर ५२५ रुपये होते. दोन्ही चुका एकत्र झाल्या तर ७३५ रुपये होते. म्हणजे वर्षाला ३१५ रुपये जादा, आणि चार वर्षांत १,२६० रुपये. ज्या घरात दूध विकून पोराची फी भरली जाते, तिथे ही रक्कम लहान नव्हे.

चूक कुठे शिरते?

पहिली जागा मापाची. घराच्या जागेचे आणि बांधकामाचे क्षेत्र वेगवेगळे असते. अंगण, परस, गुरे बांधायची मोकळी जागा धरून सगळा प्लॉट बांधकामाच्या रकान्यात लिहिला गेला, तर आकडा फुगतो. केंद्र शासनाने २४ एप्रिल २०२० रोजी स्वामित्व योजना सुरू केली. तिच्यात ड्रोनने गावठाणाची मोजणी होऊन मिळकत पत्रिका मिळते. ती तुमच्याकडे असेल तर सांभाळून ठेवा. तिच्यावर जागेचे क्षेत्र मिळते, पण ते बांधकामाचे क्षेत्र समजू नका. तसेच चौरस फुटाचा आकडा चौरस मीटरच्या रकान्यात गेला, तर पट्टी दहापटीहून अधिक होते. आकडा डोळ्यात भरण्याइतका मोठा दिसला तर हे आधी पाहा.

दुसरी जागा बांधकामाच्या प्रकाराची. मातीचे कच्चे घर, दगड-विटांचे मातीत बांधलेले, दगड-विटांचे चुन्यात अथवा सिमेंटात बांधलेले, आणि आर.सी.सी. असे प्रकार नियमांत धरले आहेत. आपल्याकडे पुढची खोली स्लॅबची आणि मागचे माजघर धाब्याचे, अशी घरे पुष्कळ आहेत. सगळे घर आर.सी.सी. म्हणून लिहिले असेल तर दोन भाग वेगळे मांडून मागा.

तिसरी जागा घराच्या वयाची. बांधकामाचे साल कागदावर नसले की घसारा चुकतो. जुनी घरपट्टीची पावती, विजेच्या जोडणीचा कागद, जुना कर आकारणीचा उतारा, यांपैकी काहीही सापडले तर साल दाखवता येते.

चौथी जागा वापराची. ओट्यावर एका खोलीत किराणा दुकान आहे म्हणून सगळे घर व्यापारी ठरू नये. दुकानाचे क्षेत्र आणि राहण्याचे क्षेत्र निराळे मांडण्याची मागणी करा. खळ्यातल्या शेडमध्ये स्वतःच्या शेतातला कापूस किंवा चारा ठेवत असाल, तर ते विक्रीचे गोदाम नाही हे लिहून द्या आणि सोबत सातबारा जोडा.

पाचवी जागा नावाची आणि अस्तित्वाची. पावसात पडलेली, नंतर उतरवलेली खोली यादीत तशीच उभी असते. भावाभावांत वाटणी होऊन वेगळे संसार झाले तरी सगळे घर एकाच्याच नावावर राहते. बाप वारला, आई राहते, आणि बिल अजून बापाच्या नावाने येते. घर पती-पत्नी दोघांच्या नावे नोंदवावे, असे शासनाने २००३ सालीच सांगितले आहे. ही नोंद केली नसेल तर याच वेळी करून घ्या. घरात माजी सैनिक अथवा सैनिकाची विधवा असेल, तर २०२० च्या बाळासाहेब ठाकरे माजी सैनिक सन्मान योजनेखाली घरपट्टीच्या माफीविषयी ग्रामपंचायतीत विचारा.

दर ग्रामसभेत, माप अर्जात

तक्रार दोन प्रकारची असते आणि दोघींची जागा वेगळी आहे. "हजारी करदरच जास्त आहे" ही साऱ्या गावाची तक्रार झाली. शासनाने घालून दिलेल्या किमान आणि कमाल मर्यादेत हा दर ग्रामपंचायत ठरवते, म्हणून तो विषय ग्रामसभेत बोलावा. जमिनीचे आणि बांधकामाचे दर नोंदणी व मुद्रांक विभागाच्या वार्षिक मूल्य दर तक्त्यातून येतात. ते ग्रामपंचायतीच्या हातात नसतात. तेथे फक्त आपल्या जागेला योग्य ओळीतला दर लावला आहे का, एवढेच तपासायचे.

मात्र "माझे घर ५६ चौरस मीटर असताना ८४ लिहिले" ही तुमची एकट्याची तक्रार आहे. ती टेप, कागद आणि अर्ज घेऊनच सुटते. पंचायत समितीच्या कचेरीत माझे काम पिकांचे, पण तिथे येणारे कागद डोळ्यांखालून जातात. "पट्टी फार आहे, कमी करावी" एवढेच लिहिलेल्या अर्जावर कोणी काय निर्णय देणार? आकडा लिहिला की समोरच्याला तो तपासावाच लागतो.

आपल्या खानदेशाला मोजणीचे भय नवे नाही. १८५२ साली इंग्रज सरकारने येथे जमिनीची मोजणी सुरू केली, तेव्हा सारा वाढेल या धास्तीने सावदा, यावल, चोपडा या भागांतले शेतकरी हजारोंनी जमले आणि मोजणीला आडवे गेले. सरकारने फौज आणून तो विरोध मोडला. त्या वेळी साखळी सरकारच्या हातात होती आणि शेतकऱ्याच्या हातात दाद मागायचा कागद नव्हता. आज टेप तुमच्याही घरात आहे आणि अपिलाची वाट कायद्यातच आहे. मोजणीला भिण्याचे आता कारण नाही.

पायरी पायरीने

१. ग्रामपंचायतीतून आपल्या मिळकतीचा नमुना ८ चा उतारा घ्या. नमुना ८ म्हणजे कर आकारणी नोंदवही. आकारणीतली चूक तिच्यातच सापडते. हाती येणारे बिल नमुना ९-क चे असते आणि पैसे भरल्याची पावती नमुना १० ची. नमुना ८ चा उतारा देणे ही २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याखाली अधिसूचित सेवा आहे. तोंडी मागून मिळत नसेल तर लेखी मागा.

२. रविवारी घरच्या मंडळींनी मिळून घर मोजा. भिंती धरून बाहेरून मोजा, म्हणजे माप कमी धरल्याचा आरोप येणार नाही. वहीच्या पानावर साधा नकाशा काढा. प्रत्येक खोलीची लांबी-रुंदी, बांधकामाचा प्रकार, साल आणि वापर लिहा. बाजूला नमुना ८ मधले आकडे लिहा. जिथे दोन्ही जुळत नाहीत तिथे खूण करा.

३. नवी आकारणी यादी तयार झाल्यावर ग्रामपंचायत ती प्रसिद्ध करून हरकती मागवते. नोटिशीत मुदत दिलेली असते. त्या मुदतीत लेखी हरकत द्या. ग्रामसेवकांना आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात. त्यांच्याकडे अर्ज देऊन दुसऱ्या प्रतीवर सही, शिक्का आणि तारखेसह पोच घ्या. पोच नसलेला अर्ज म्हणजे पावतीविना विकलेला कापूस. मागून बोलायला तोंड राहत नाही.

४. हरकत मान्य झाली नाही आणि तेच बिल आले, तर पंचायत समितीकडे अपील करता येते. हा हक्क कलम १२४ नेच दिला आहे. बिल हाती पडल्या दिवसापासून दिवस मोजा आणि महिनाभराच्या आत अपील गेलेच पाहिजे असे धरून चाला. पेरणी उरकली की पाहू, दिवाळी झाली की पाहू, असे म्हणत बसाल तर खरी बाजू असूनही हात चोळत बसाल. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात, पण हे कोर्ट नव्हे. येथे अर्ज स्वतः लिहिला तरी चालतो.

५. सुनावणीला बोलावले तर स्वतः जा. नकाशा, उतारा, जुन्या पावत्या आणि घराचे फोटो न्या. जागेवर येऊन मोजणी करावी, अशी विनंती अर्जातच करून ठेवा. एक मोजणी दहा वाद मिटवते.

अर्जाचा नमुना

प्रति, मा. गटविकास अधिकारी, पंचायत समिती, जळगाव.
(आपला तालुका लिहावा.)

विषय: घर क्रमांक …… च्या कर आकारणीविरुद्ध अपील.

महोदय, मी मौजे …… येथील रहिवासी असून वरील घराचा मालक/मालकीण आहे. मला दिनांक …… रोजी घरपट्टीचे बिल मिळाले. नमुना ८ मध्ये माझ्या घराचे बांधकाम …… चौ. मी. लिहिले आहे. प्रत्यक्षात ते …… चौ. मी. आहे. बांधकामाचा प्रकार …… लिहिला आहे, प्रत्यक्षात …… आहे. बांधकामाचे साल …… असून त्याप्रमाणे घसारा मिळालेला नाही. मी दिनांक …… रोजी ग्रामपंचायतीकडे हरकत दिली होती, तिची पोच सोबत जोडली आहे. तरी जागेवर मोजणी करून आकारणी दुरुस्त करावी, ही विनंती. सोबत: नमुना ८ चा उतारा, बिलाची प्रत, मोजमापाचा नकाशा, जुन्या पावत्या, हरकतीची पोच.

सही, दिनांक, मोबाइल क्रमांक.

ज्या चुका तुमच्या घराला लागू नाहीत ती वाक्ये गाळा. एक खरा मुद्दा चार फुगवलेल्या मुद्द्यांपेक्षा जड पडतो.

हे मात्र करू नका

हरकत घेतली म्हणून सगळी पट्टी थकवू नका. बिलात घरपट्टीखेरीज दिवाबत्ती, आरोग्य, पाणीपट्टी अशा बाबी असतात. ज्यांवर वाद नाही त्या भरा. वादातली रक्कम भरावी लागली तर "हरकतीस अधीन राहून भरत आहे" असे लिहून भरा आणि पावती घ्या. थकबाकी राहिली तर मागणीचा लेख निघतो आणि पुढे जप्तीपर्यंत गोष्ट जाऊ शकते. शिवाय बिल बजावल्यापासून तीन महिन्यांत कर न भरणारा ग्रामपंचायतीच्या सदस्यत्वाला अपात्र ठरतो. ज्या दादा-ताईंना निवडणुकीला उभे राहायचे असेल त्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे.

नमुना ८ वर नाव आहे म्हणून घराची मालकी सिद्ध झाली, असेही समजू नका. तो कराचा कागद आहे. भाऊबंदकीचा वाद पट्टीच्या अर्जात घुसडला तर दोन्ही कामे अडतात.

आणि शेवटची, जरा कडू गोष्ट. घर मोजल्यावर कदाचित उलटेच निघेल. वरचा मजला चढवला, पण नोंद जुनीच राहिली, असे कित्येकांचे असते. तेव्हा ताकाला जाऊन भांडे लपवू नका. चौकातला दिवा, नळाचे पाणी, गटाराची सफाई याच पैशांतून होते. एकाने कमी भरले की त्याचा भार शेजारच्या धाब्याच्या घरातल्या म्हातारीवर पडतो. आपल्या वाट्याचे तेवढे भरावे, जादा असेल त्याला हरकत घ्यावी, आणि दोन्हींसाठी आकडा आपल्याच वहीत असावा.

तर बिल आले असेल ते आज रात्री जेवणानंतर काढा आणि मुलांना मोठ्याने वाचायला सांगा. उद्या नमुना ८ मागा, रविवारी टेप लावा. आकडे जुळले तर निश्चिंत मनाने पट्टी भरा. न जुळले तर सोमवारी अर्ज द्या आणि पोच घेतल्याशिवाय घरी परतू नका.